ब्रॅडींच्या घराचा वरचा मजला: जुन्या कौटुंबिक विनोदी मालिकांतील चुका कशा हेराव्यात

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागात एक बुटके, पसरट घर आहे. १९६९ ते १९७४ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या ‘द ब्रॅडी बंच’ या मालिकेत ब्रॅडी कुटुंबाचे घर म्हणून बाहेरून हेच घर दिसते. पात्रे दार उघडून आत आली की मात्र ऐसपैस दिवाणखाना आणि त्यातून वर जाणारा रुंद, उघडा जिना समोर येतो, आणि सहा मुले दिवसभर त्या जिन्यावरून वरखाली धावत असतात. ही मुले जिना चढून नेमकी कुठे जातात हे रस्त्यावरून पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, कारण आत जेवढ्या खोल्या वरच्या मजल्यावर दिसतात तेवढ्या मावतील असा मजला बाहेरून दिसतच नाही. निर्मात्यांच्याही ही अडचण ध्यानात आली होती. दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला एक खोटी खिडकी लावून त्यांनी तिथे खोल्या असल्याचा भास निर्माण केला. तरीही घराचा कर्ता माइक ब्रॅडी हा कथेत वास्तुविशारद आहे आणि हे घर त्यानेच आखले आहे, ही गंमत उरतेच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की तिची कल्पना ‘तुझ्या तीन, माझे तीन’ अशी आहे: तीन मुलगे असलेला विधुर माइक आणि तीन मुली असलेली कॅरोल यांचे लग्न होते, जोडीला घरकाम सांभाळणारी ॲलिस असते, आणि या नऊ जणांच्या संसाराचे पाच पर्वांत ११७ भाग होतात. शेरवूड श्वार्ट्झ हे तिचे निर्माते. चुका हेरण्याचा सराव करण्यासाठी ही मालिका फार सोयीची आहे, कारण तीच घरातली जागा, तेच फर्निचर आणि तीच माणसे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहतात. एखादी वस्तू हलली, तर ती आधी कुठे होती हे आपल्याला पाठ असते.

पुढे दिलेली पद्धत एका आग्रहावर उभी आहे. चूक दिसली की तिच्यावर बोट ठेवून मोकळे होऊ नये. ती लेखनात झाली, सेटच्या बांधणीत झाली, चित्रीकरणात झाली, संकलनात झाली की पुढे प्रसारणाच्या वेळी झाली, हे शोधावे. प्रत्येक चुकीला असा एक पत्ता असतो. पत्ता सापडेपर्यंत तिला फक्त ‘शंका’ म्हणावे, कारण पुष्कळ शंका तपासाअंती चुका ठरतच नाहीत.

आधी कॅमेरे मोजावेत

कोणताही भाग तपासायला घेण्यापूर्वी तो एका कॅमेऱ्याने चित्रित झाला आहे की अनेक कॅमेऱ्यांनी, हे ठरवावे, कारण त्यावर कोणत्या प्रकारच्या चुका अपेक्षित आहेत हे अवलंबून असते. ‘ब्रॅडी बंच’ हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत एका कॅमेऱ्याने, चित्रपटासारखी चित्रित होत असे. अशा पद्धतीत आधी सगळ्यांना सामावून घेणारा मास्टर शॉट होतो, मग तोच प्रसंग पुन्हा साकारून एकेकाचे क्लोजअप घेतले जातात. दोन शॉटच्या मध्ये दिवे हलतात, नट उठून जातात, रंगभूषाकार पावडर लावतो, पेल्यातले दूध कोणी तरी पिते किंवा कोणी तरी पुन्हा भरते. पडद्यावर सलग दिसणारे अर्ध्या मिनिटाचे संभाषण प्रत्यक्षात काही तासांवर पसरलेले असू शकते. म्हणून एका कॅमेऱ्याच्या मालिकेत प्रसंगाच्या पोटातल्या, म्हणजे एका कटच्या अलीकडे-पलीकडे घडणाऱ्या चुका जास्त सापडतात.

याच्या उलट उदाहरण ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिमी फिल्मवर चित्रित होत असे, आणि छायाचित्रणाची बाजू कार्ल फ्रॉइंड सांभाळत. प्रसंग शक्यतो न थांबता, नाटकासारखा पार पडे. एकाच क्षणाची तीन बाजूंनी चित्रे हाताशी असल्यामुळे संकलनात कप या हातातून त्या हातात उडी मारत नाही. मात्र अशा पद्धतीत वेगळे दोष संभवतात: मायक्रोफोनच्या दांड्याची सावली भिंतीवर सरकून जाते, कडेला दुसऱ्या कॅमेऱ्याचे टोक दिसते, हशा ओसरण्याची वाट पाहत नट उगाच टेबलावरची वस्तू हलवत राहतो, किंवा सहकलाकाराच्या करामतीवर त्याला स्वतःलाच हसू आवरत नाही.

दोन्ही पद्धती ओळखायची खूण सोपी आहे. अनेक कॅमेऱ्यांच्या मालिकेत घर रंगमंचासारखे एका बाजूने उघडे असते आणि ती चौथी भिंत सहसा दिसतच नाही. जेवणाच्या टेबलाच्या आपल्याकडच्या बाजूला कोणी बसत नाही. एका कॅमेऱ्याच्या मालिकेत कॅमेरा आत शिरतो, उलट वळतो आणि सगळ्या भिंती दाखवतो. हशावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ‘ब्रॅडी बंच’मध्ये प्रेक्षकांचा हशा ऐकू येतो, पण चित्रीकरणाला प्रेक्षक नसत, तो हशा नंतर जोडलेला आहे.

या भेदाचा उत्तम पडताळा ‘हॅपी डेज’ या १९७४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत मिळतो. पहिली दोन पर्वे मुख्यतः एका कॅमेऱ्याने चित्रित झाली, आणि तिसऱ्या पर्वापासून ती प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी होऊ लागली. त्याबरोबर कनिंगहॅम कुटुंबाच्या घराची आतली रचनाच बदलली. कथेत कोणी घर पाडले नाही की बांधले नाही. ज्याला कॅमेरे मोजायची सवय नाही तो इथे डझनभर चुका लिहील. ज्याला आहे तो एकच नोंद करील, की एक बाजू प्रेक्षकांसाठी मोकळी ठेवण्याकरिता घर नव्याने मांडावे लागले.

तोच भाग तीनदा

पहिल्यांदा भाग फक्त पाहावा. हसू येईल तिथे हसावे, वही बंद ठेवावी. पहिल्याच वेळी चुका शोधायला बसणारा माणूस कथा नीट ऐकत नाही आणि मग जी गोष्ट संवादात स्पष्ट केलेली असते तिलाच विसंगती म्हणून लिहून ठेवतो.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा, आणि बोलणाऱ्या पात्राकडे न पाहता ऐकणाऱ्या पात्राकडे पाहावे. चांगला दिग्दर्शक आपली नजर बोलणाऱ्याकडे ओढून घेतो, म्हणून बहुतेक निसटलेल्या गोष्टी ऐकणाऱ्याच्या बाजूला असतात. सहा मुले एका ओळीत बसली असतील, तर टोकाच्या मुलाकडे पाहावे. बालकलाकार आपले वाक्य येईपर्यंत अनेकदा दुसऱ्याची वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणतो, किंवा कॅमेऱ्यामागे चाललेल्या हालचालीकडे त्याची नजर जाते.

तिसरी फेरी कटनुसार करावी. समजा न्याहारीच्या टेबलावर आई आणि मुलगा बोलत आहेत. आईच्या खांद्यावरून मुलगा दिसतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताशी दुधाचा पेला अर्धा भरलेला आहे. कट होतो, मुलाच्या खांद्यावरून आई दिसते, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात तोच पेला काठोकाठ भरलेला आहे. पुन्हा कट होतो आणि दूध तळाला गेलेले असते. इथे पॉझ करून तीन गोष्टी लिहाव्यात: दुधाची पातळी, पेला धरलेला हात आणि बोलल्या जाणाऱ्या वाक्याचा शेवटचा शब्द. शेवटचा शब्द अशासाठी, की कट बहुधा तिथेच असतो आणि नंतर ती जागा शोधायला मिनिट-सेकंदापेक्षा शब्द जास्त उपयोगी पडतो. निरनिराळ्या प्रतींमध्ये वेळ बदलते, वाक्य बदलत नाही.

अशा फेरीत हमखास पाहण्यासारख्या जागा अनुभवाने ठरून जातात. पातळ पदार्थ, पेटलेल्या मेणबत्त्या, भिंतीवरचे घड्याळ, अर्धवट खाल्लेले सँडविच आणि वर्तमानपत्राची घडी या वस्तू काळाबरोबर आपोआप बदलतात, म्हणून त्या चुगली करतात. शर्टाची कॉलर, बाहीची घडी आणि कानामागे गेलेली केसांची बट या गोष्टी नटाच्या स्वतःच्या नकळत बदलतात. उघडे-मिटलेले दार ही तिसरी जात. आत येताना दार उघडेच टाकले असेल, तर पुढच्या शॉटमध्ये ते कोणी लावले हा प्रश्न दर वेळी विचारावा.

हे सगळे सांभाळण्यासाठी हॉलिवूडमध्ये स्क्रिप्ट सुपरवायझर नावाची स्वतंत्र व्यक्ती सेटवर असते. आपल्याकडच्या सेटवर हे काम बहुतेक वेळा सहायक दिग्दर्शकाकडे असते आणि त्याला नुसते ‘कंटिन्युइटी पाहणे’ म्हणतात. कोणत्या वाक्यावर कोणता हात कुठे होता, हे ती व्यक्ती टिपून ठेवते. तरीही दूध वरखाली होते. याचे कारण नेहमी हलगर्जीपणा नसतो. संकलकासमोर दोन टेक असतात. एकात दुधाची पातळी बरोबर आहे पण मुलाने वाक्य पाठ म्हटल्यासारखे म्हटले आहे, दुसऱ्यात पातळी चुकली आहे पण वाक्य काळजाला भिडते. संकलक दुसरा टेक घेतो, आणि माझ्या मते तो बरोबर करतो. अशी नोंद करताना ‘संकलनातील निवड’ असा पत्ता लिहावा. तिला ढिसाळपणाच्या रकान्यात टाकणे अन्यायाचे ठरेल.

मुले असलेल्या मालिकेत आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असते आणि सेटवरच त्यांना रोज काही तास शिकावे लागते. त्यामुळे मोठ्यांचे क्लोजअप घेताना समोर मूल हजर असेलच असे नाही. मोठे माणूस ज्या उंचीकडे पाहून बोलते ती उंची आणि पुढच्या शॉटमध्ये दिसणारी मुलाची उंची जुळत नसेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

फुटणाऱ्या वस्तूंचा वेगळा विचार करावा. ‘ब्रॅडी बंच’च्या दुसऱ्या पर्वातल्या एका प्रसिद्ध भागात मधला मुलगा पीटर घरात चेंडू खेळताना आईची फुलदाणी फोडतो, मुले ती चिकटवून पुन्हा जागेवर ठेवतात आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यातून जागोजागी पाण्याच्या धारा फुटतात. अशा प्रसंगासाठी एकच फुलदाणी पुरत नाही. धड असलेली, फुटायची आणि गळायची, अशा निदान तीन अवस्था लागतात आणि त्यांच्यासाठी बहुधा वेगवेगळ्या वस्तू तयार ठेवाव्या लागतात. म्हणून फुटण्याच्या आधीचा शॉट आणि चिकटवल्यानंतरचा शॉट शेजारी ठेवून आकार, काठ आणि चिकटवलेल्या रेषांची जागा यांची तुलना करावी. हा भाग नवशिक्याच्या सरावासाठी मी नेहमी सुचवतो, कारण यात कथाच एका वस्तूवर फिरते आणि ती वस्तू कॅमेऱ्यासमोर भरपूर वेळ असते.

घराचा नकाशा काढावा

या छंदातले सर्वांत फळ देणारे काम म्हणजे चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढणे. एका भागावरून काढू नये. पाच-सहा भाग पाहत प्रत्येक वेळी एखादे पात्र एका खोलीतून दुसरीत न थांबता, एकाच शॉटमध्ये गेले, की तेवढाच रस्ता पेनने काढावा. कटमुळे जोडलेला रस्ता पेन्सिलीने काढावा. काही दिवसांत असे दिसते, की पेनच्या रेषा एकमेकींशी जुळतात आणि पेन्सिलीच्या रेषा भिंतींतून आरपार जातात. पेनची रेषा म्हणजे खरोखर बांधलेला सेट. पेन्सिलीची रेषा म्हणजे संकलकाने जोडून दिलेली कल्पना. दोन सेट एकमेकांना लागून बांधलेले नव्हते, हे आपल्याला स्टुडिओत न जाता कळते.

नकाशा पुरा झाला की त्यात काय नाही ते पाहावे. ब्रॅडींच्या सहा मुलांमध्ये एकच न्हाणीघर आहे; तिथे बेसिन दिसते, टब दिसतो, पण कमोड दिसत नाही. ही विसरलेली वस्तू नव्हे. त्या काळच्या अमेरिकी टीव्हीवर कौटुंबिक मालिकेत कमोड दाखवणे शिष्टसंमत मानले जात नसे, म्हणून तो वगळला गेला. त्याचप्रमाणे मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या सरकत्या दाराला काचच नव्हती, कारण काचेत दिवे आणि कॅमेऱ्यामागची माणसे उमटली असती. पहिल्या गोष्टीचा पत्ता वाहिनी, दुसरीचा छायाचित्रण. दोन्ही ठिकाणी निर्णय आधी झाला आणि विसंगती त्यातून आली.

अंगणाचे प्रकरण तर याहून रंगतदार आहे. ते अंगण स्टुडिओच्या छताखाली होते आणि हिरवळ कृत्रिम होती. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी पाहावे. एका सूर्याची एक सावली पडायला हवी तिथे अनेक दिव्यांच्या फिकट सावल्या दोन-तीन दिशांना पसरलेल्या दिसतात. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी कुटुंब ग्रँड कॅन्यनला जाते आणि चौथ्याच्या आरंभी हवाईला. ते भाग प्रत्यक्ष जागेवर चित्रित झाले. त्यातली एक ठळक सावली पाहून लगेच अंगणातला एखादा प्रसंग पाहिला, की फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

याच अंगणात कुत्र्याचे घर आहे. मुलांचा टायगर नावाचा कुत्रा सुरुवातीच्या भागांत दिसतो आणि पुढे कोणताही खुलासा न होता नाहीसा होतो. त्याचे घर मात्र तिथेच उभे राहते. कारण दुहेरी आहे. ते काम करणारा मूळ कुत्रा पहिल्याच पर्वाच्या काळात मोटारीखाली सापडून मेला आणि त्याच्या जागी आणलेल्या कुत्र्याशी काम जमेना, म्हणून लेखकांनी टायगरला कथेतून कमी केले. घर न हलवण्याचे कारण मालिकेतल्या मंडळींनी पुढे सांगितले आहे: स्टुडिओतला एक दिवा पडून कृत्रिम हिरवळ जळाली होती आणि ती भोके झाकायला कुत्र्याचे घर कामी येत होते. म्हणजे एकाच शंकेचे दोन पत्ते निघाले. कुत्रा लेखनातून गेला आणि त्याचे घर सेटच्या डागडुजीसाठी राहिले. पहिल्या भागात मुलींची फ्लफी नावाची मांजरही आहे, टायगर तिच्यामागे धावतो आणि लग्नाच्या केकचा सत्यानाश होतो. ती मांजर पुढे कधीच दिसत नाही. तिच्यासाठी टायगरसारखी गोष्ट शोधत बसू नये. चाचणीसाठी केलेल्या प्रायोगिक भागातली जी कल्पना पुढे लागली नाही ती सोडून दिली जाते, एवढाच तिचा पत्ता.

माणसे, केस आणि चौकटी

भागांचा क्रम कळल्याशिवाय माणसांविषयीच्या शंका घेऊ नयेत, आणि ‘ब्रॅडी बंच’मध्ये क्रम ओळखायला शीर्षकगीत पुरते. नऊ चौकटींच्या त्या प्रसिद्ध मांडणीत डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, मधल्या रांगेत वर कॅरोल, खाली माइक आणि नेमक्या मध्यावर ॲलिस असते. मुले वाढतील तशी ही चित्रे नव्याने घेतली गेली. शिवाय पहिल्या पर्वातले गाणे एका गायकसमूहाचे आहे आणि दुसऱ्या पर्वापासून ते मुलांच्याच आवाजात आहे. गाण्याचा आवाज आणि चेहऱ्यांचे वय एवढ्यावरून कोणताही सुटा भाग साधारण कोणत्या पर्वातला हे ठरवता येते. पुनःप्रसारणात भाग उलटसुलट लावले जातात, म्हणून ही सवय उपयोगी पडते.

केसांकडे दोन पातळ्यांवर पाहावे. एका प्रसंगात भांग बदलला तर ती चित्रीकरणातली चूक. पर्वागणिक बदलला तर ती काळाची खूण. माइक ब्रॅडीचे काम करणाऱ्या रॉबर्ट रीड यांचे सरळ केस पुढच्या पर्वांत कुरळे होतात, ते सत्तरच्या दशकातल्या फॅशनमुळे. धाकट्या बॉबीचे काम करणाऱ्या माइक लुकिनलँड यांचे केस मुळात फिकट होते आणि भावांशी जुळावेत म्हणून ते गडद रंगवले जात. हे ठाऊक असले, की बॉबीच्या केसांची छटा भागाभागांत किंचित बदललेली दिसली तर आपण दचकत नाही.

पात्रच नाहीसे होणे ही मोठी जात. ‘हॅपी डेज’मध्ये कनिंगहॅमांचा थोरला मुलगा चक पहिल्या दोन पर्वांत दिसतो, त्याचे काम दोन वेगवेगळ्या नटांनी केले आहे, आणि पुढे त्याचा विषयच निघत नाही, १९८४ मधल्या निरोपाच्या भागात बापाच्या तोंडी दोनच मुलांचा उल्लेख येतो. ही लेखनातली विसंगती निःसंशय आहे आणि तिला माफी देण्याचे कारण मला दिसत नाही. ‘बिविच्ड’ या मालिकेत १९६९ साली नायिकेचा नवरा डॅरिन याचे काम डिक यॉर्क यांच्याकडून डिक सार्जंट यांच्याकडे गेले, प्रकृतीमुळे नट बदलावा लागला आणि पात्र तेच राहिले. नाटकात ऐनवेळी बदली नट उभा राहतो हे मान्य असलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात नवल वाटू नये.

नावे आणि क्रमांक

लेखनातल्या चुका पकडायला डोळ्यांपेक्षा कान लागतात. पात्रांची पूर्ण नावे, वये, लग्नाला झालेली वर्षे, गावे, दूरध्वनी आणि घरांचे क्रमांक ऐकू आले की लगेच लिहावेत. ‘आय लव्ह लूसी’ यासाठी सोन्याची खाण आहे. शेजारीण एथेल मर्ट्झ हिचे मधले नाव वेगवेगळ्या ठिकाणी लुईस, रॉबर्टा आणि मे असे येते. लूसीचे रिकार्डो कुटुंब आधी ४-ए मध्ये राहते, १९५३ मध्ये त्याच इमारतीत ३-बी मध्ये जाते आणि पुढे, घर न बदलताच, त्या दारावर ३-डी लागतो. यातला पहिला बदल कथेतला आहे, दुसरा निखालस चूक. इमारतीचा पत्ता ६२३, ईस्ट ६८वा रस्ता असा सांगितला जातो. मॅनहॅटनमध्ये त्या रस्त्यावरचे क्रमांक तिथवर पोहोचतच नाहीत, आणि हिशेबाने ही इमारत ईस्ट नदीच्या पाण्यात उभी ठरते. हा मात्र चुकीचा नमुना मानू नये. खऱ्या घराचा पत्ता दिला तर तिथे राहणाऱ्यांना उपद्रव होईल, म्हणून अस्तित्वात नसलेला पत्ता देण्याची पद्धत फार जुनी आहे.

हे सगळे इतके सैल राहिले कसे, हा प्रश्न आज रास्त वाटतो. त्या काळी भाग आठवड्यातून एकदा लागे, हुकला तर हुकला, आणि शेजारणीचे मधले नाव तीन वर्षांपूर्वी काय होते हे पडताळण्याचे साधन प्रेक्षकाच्या घरात नव्हते.

पडद्यावर आलेल्या पण मूळ कामात नसलेल्या चुका

शंका पक्की करण्यापूर्वी आपण पाहत असलेली प्रत तपासावी. जुन्या मालिका ४:३ या प्रमाणात, म्हणजे चौरसाच्या जवळ जाणाऱ्या चौकटीत मांडलेल्या असतात. आजच्या रुंद पडद्यासाठी त्यांना वरून-खालून कापले, की टेबलावरची वस्तू किंवा उभ्या माणसाचे कपाळ निघून जाते. उलट मूळ फिल्मवर कडेला उरलेला भाग उघडला, तर कधीच दिसायला नको होती ती सेटची कड दिसू लागते. ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेटेड कौटुंबिक मालिकेचे जुने भाग २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर असे कापून आले, तेव्हा बिअरचे तीन वेगळे प्रकार वस्तुतः एकाच नळातून येतात हा विनोद वरचा नळ कापला गेल्याने नाहीसा झाला होता. तो दोष चित्रकारांचा नव्हता. पात्रांची डोकी वारंवार कापलेली दिसू लागली, की कॅमेरामनला बोल लावण्याआधी टीव्हीची सेटिंग पाहावी. मी स्वतः एकदा अशा नोंदींची चार पाने लिहून नंतर फाडली आहेत.

दुसरे म्हणजे काटछाट. पन्नास ते सत्तरच्या दशकांतले भाग जाहिराती वगळता पंचवीस मिनिटांच्या आसपास असत. पुनःप्रसारणात जाहिरातींना जास्त जागा देण्यासाठी त्यातली काही मिनिटे कापली जात. एखादे पात्र अचानक रागावलेले दिसले किंवा न सांगितलेली गोष्ट त्याला माहीत असली, तर कारण त्या कापलेल्या मिनिटांत असू शकते. तिसरे म्हणजे चित्रीकरणाचा आणि प्रसारणाचा वेगळा क्रम. ‘ब्रॅडी बंच’चा पहिला भाग २६ सप्टेंबर १९६९ रोजी दिसला, पण तो चित्रित झाला होता १९६८ मध्ये, वाढत्या वयाच्या सहा मुलांच्या बाबतीत मधले महिने चेहऱ्यांवर दिसणारच.

शेवटी नोंद कशी लिहावी, ते एका उदाहरणावरून पाहू. ८ मार्च १९७४ रोजी दाखवलेल्या ‘ब्रॅडी बंच’च्या अखेरच्या भागात थोरला ग्रेग शाळेतून उत्तीर्ण होऊन पदवी घेतो. त्याआधी बॉबीने विकायला आणलेल्या केसांच्या औषधाने ग्रेगचे केस नारिंगी होतात. घरातल्या थोरल्या मुलाचा एवढा मोठा दिवस, आणि बाप कुठेच नाही. तो बाहेरगावी गेला आहे एवढे कानावर येते. नवखा माणूस इथे ‘लेखक बापाला विसरले’ असे लिहील. वस्तुस्थिती अशी, की रॉबर्ट रीड हे शेक्सपिअरच्या नाटकांचे शिक्षण घेतलेले नट होते आणि संहितेतल्या न पटणाऱ्या गोष्टींविषयी ते श्वार्ट्झ यांना लांबलचक टिपणे पाठवीत. शिजणाऱ्या स्ट्रॉबेरींना वास येतो की नाही यावरूनही त्यांनी एकदा विश्वकोश पाहून वाद घातला होता, असे श्वार्ट्झ यांनी सांगितले आहे. केसांच्या औषधाची ही कथा त्यांना इतकी असंभाव्य वाटली, की त्यांनी त्या भागात काम करायलाच नकार दिला. म्हणून वहीतली नोंद अशी व्हावी:

शंका: ग्रेगच्या पदवीदान समारंभाला माइक अनुपस्थित. कथेतले स्पष्टीकरण: बाहेरगावी. पत्ता: नटाचा नकार, संहितेतल्या असंभाव्यतेवरून वाद. प्रकार: चूक नव्हे. शेरा: या मालिकेतल्या चुका हेरणारा पहिला माणूस सेटवरच, बापाच्या भूमिकेत होता.

या वहीत ब्रॅडींच्या घराच्या पानावर एक पुरवणी जोडावी लागते. २०१८ मध्ये स्टुडिओ सिटीतले ते खरे घर एचजीटीव्ही वाहिनीने ३५ लाख डॉलरला विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच्या आत मालिकेतला सेट जसाच्या तसा बांधून काढला. रस्त्यावरून दिसणारा आकार न बदलता आतल्या सगळ्या खोल्या बसवण्यासाठी मागच्या बाजूला बरेच वाढीव बांधकाम करावे लागले. त्या पानावर ‘वरचा मजला: जागा नाही’ अशी जी जुनी नोंद होती, तिच्यापुढे आता साल लिहावे लागते.